हलक्या वजनाचा शब्द

डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत ‘सडन डिक्लाइन’ लिहिलं आणि कागद माझ्याच हातात दिला. माझं शिक्षण सातवी (तीही दोन वर्षांत), पण चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेत. इंग्रजी अक्षर मला सुलटंही वाचता येतं आणि उलटंही. त्या दिवशी कसंही वाचलं तरी तेच निघत होतं. आमच्या हिची तब्येत एकाएकी घसरली होती.

लेकीला इटलीत फोन लावला. अकरा वर्षं ती तिकडे आहे, नवराही तिकडचाच, नातूही तिकडेच जन्मला.

“आई बरी नाही. लगेच ये.”

“बाबा, आईचं ‘खरं आहे’ कुठंय?”

फोन बंद.

चूक तिची नाही. माझ्या साठाव्या वाढदिवसाला ती येईना, तेव्हा मी कळवलं होतं, “छप्पर उडालं, ताबडतोब ये.” पोरगी दोन विमानं बदलून दारात उभी. मी टोपी काढून टक्कल दाखवलं. (एकटाच हसलो.) त्या दिवसापासून घरात कायदा झाला: बाबांची बातमी कागदावर हवी, खाली आईच्या अक्षरात ‘हे खरं आहे’ हवं, आणि फोटो आईच्याच फोनवरून यायला हवा.

आता आली का पंचाईत! जिची बातमी तिचीच साक्ष. वर डॉक्टरांनी बजावलेलं, “त्यांच्या मनाला धक्का नको.” मराठीत लिहावं तर ही वाचणार. इंग्रजी तर माझ्यापेक्षा बरं वाचते. तेव्हा जन्मभर थापा मारलेल्या माझ्या डोक्यानं तोडगा काढला: इटालियनमध्ये लिहायचं! लेकीला कळेल, हिला कळणार नाही. हिचा त्या भाषेशी संबंध एवढाच, की रोज दुपारी विहीणबाईंशी तासभर फोनवर असते. भाषेवाचून दोघी काय बोलतात देव जाणे. माझी समजूत, हातवारे करत असतील.

वाचनालयातून जाडजूड कोश आणला. ‘डिक्लाइन’समोर शब्दांची ही मोठी रांग. एकेक तपासत ‘त्राकोल्लो’शी पोचलो: अचानक, सगळंच्या सगळं कोसळणं. डॉक्टरांना म्हणायचं होतं ते हेच. लिहायला घेतलं. निम्म्यावर हात थांबला. खिळे जुळवणाऱ्याच्या बोटांना शब्दाचं वजन कळतं, आणि हा मला उचलेना. कागद फाडला. नव्या कागदावर त्याच रांगेतला ‘कालो’ घेतला. कालो म्हणजे नुसती घट. चार खिळ्यांचा, हलका.

कागद घेऊन हिच्या खाटेशी गेलो.

“काय लिहिलंय?”

“लेकीच्या सासरी आपली खुशाली. म्हटलं त्यांच्याच भाषेत कळवावी.”

“माझीसुद्धा?”

“तुझी तर आधी.”

तिनं चष्मा मागितला, पेन्सिल मागितली, आणि मला पाणी कोमट करून आणायला पाठवलं. परत येईतो फोटो गेला होता आणि कागद उशीखाली होता.

“अहो, अक्षर किती कापलंय तुमचं.”

“नवी भाषा आहे. बोटांना सवय नाही.”

“हं,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप पचली होती, आणि पहिल्यांदाच टाळी द्यायला कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लेक आली. आईचा हात हातात घेऊन बसली आणि दोघी इटालियनमध्ये बोलू लागल्या. दोघी! हातवारे कुठंच नाहीत. मी पाण्याचा पेला घेऊन दारातच.

“बाबा, इकडे या,” म्हणत लेकीनं फोन पुढे केला. फोटोत माझ्या ‘कालो’वर काट होती आणि समासात हिच्या ठसठशीत अक्षरात ‘त्राकोल्लो’. अगदी प्रूफ तपासल्यासारखं. (ती खूण लग्नाच्या वर्षी मीच तिला शिकवली होती.) खाली दोन ओळी इटालियनमध्ये, आणि शेवटी मराठीत, ‘हे खरं आहे.’

“या दोन ओळी कसल्या?”

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली.

“‘लवकर ये. मला कळलंय हे बाबांना सांगू नकोस. आपण हिला फसवलं असं त्यांना वाटतंय, तेवढाच त्यांना आधार आहे.’”

पेला ठेवायला मला जागा सापडेना.

“चार वर्षं शिकतेय,” ही म्हणाली. “नातवाशी बोलायला. तुम्हाला सांगितलं असतं तर जगू दिलं नसतंत.”

“मी? मी कधी कुणाला चिडवतो?”

“राहू दे. जन्मात एकदा खरं लिहायची वेळ आली, तर तिथंही हात आखडलात.”

डॉक्टर अजून मान डोलावत नाहीत, पण ही आता उशीला टेकून बसते. लेक महिनाभर आहे. दुपारी दोघी मिळून मला इटालियन शिकवतात. काल दहा शब्दांची परीक्षा झाली. माझे दोन बरोबर आले. हिनं वहीवर पेन्सिलीनं शेरा मारला: ‘सातवीतच ठेवला आहे.’

खाली लेकीच्या अक्षरात होतं, ‘हे खरं आहे.’