खाट सोडून सगळं

आमचे घरमालक विठोजीअण्णा पहिल्यांदा भेटले ते दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत. दवाखान्यात नव्हे हो! बंगळुरातल्या चामराजपेटेत, त्यांच्या राहत्या घरी, भर दिवाणखान्यात! आम्हाला पाहून त्यांनी पायाने दांडा दाबला, खुर्ची कुरकुरत सरळ झाली आणि अण्णा अलगद उभे राहिले. "सरी. भाडेकरू तुम्हीच ना?"

नवऱ्याला इथल्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून आलो होतो, दोन सुटकेस आणि एक कुकर घेऊन. अण्णांचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळुरातलं. घरात मराठीच, पण तिला कानडीची फोडणी; 'बरं'च्या जागी 'सरी', 'जरा'च्या जागी 'स्वल्प'. आम्ही फर्निचर घ्यायला निघालोय हे कळल्यावर ते जिन्यातच आडवे आले. "नवं? छे छे! नव्याला माणसाचा वास नसतो, अम्मा. स्वल्प थांबा. माझ्याकडे आहे सगळं."

सगळं म्हणजे काय, ते आठवड्याभरात कळलं. सोफा म्हणून बंद पडलेल्या थिएटरच्या चार खुर्च्या आल्या, एकमेकींना जोडलेल्या, नंबरासकट. जेवायचं टेबल पाहून तर मी किंचाळलेच. हॉस्पिटलातली स्ट्रेचरची गाडी होती ती! "धुतलीय गं!" अण्णा म्हणाले, जणू प्रश्न मिटलाच. बाथरूमचं दार कुठल्याशा ऑफिसातून आलेलं, त्यावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी इंग्रजी पाटी. नवऱ्याचे साहेब इंदिरानगरहून जेवायला आले, तेव्हा बिचारे त्या दाराशी अदबीने ताटकळत उभे राहिले.

फक्त खाट काही येईना. जमिनीवर झोपून माझ्या पाठीचा पार भुगा झाला होता. विचारलं की अण्णांचं एकच, "खाट बघून घ्यावी लागते." शेवटी एका रविवारी मीच त्यांच्याबरोबर जुन्या बाजारात गेले.

तिथे नवीनच तऱ्हा! खाट दिसली की अण्णा चष्मा चढवायचे, उशाकडच्या फळीवरून बोटं फिरवायचे, मग खाट आडवी-उभी करायला लावायचे आणि म्हणायचे, "ही नव्हे." दुकानामागून दुकान हेच. माझा संयम सुटला.

"अहो अण्णा, ढेकूण पायांच्या खाचेत असतात! उशाशी काय शोधताय?"

"टिकल्या," ते म्हणाले.

मी चाटच पडले. त्यांच्या बायकोची, गंगाक्कांची, सवय होती म्हणे. रोज झोपताना कपाळाची टिकली काढायची आणि खाटेच्या फळीला चिकटवायची. "लाकूड खराब होतं म्हणून मी रोज भांडायचो. ती गेली. तेराव्याला सगळे म्हणाले, शय्यादान करा. दिली खाट, गादीसकट. मग आठवलं, टिकल्या तशाच राहिल्या." धावत भटजींकडे गेले, तोवर खाट विकलेली. "त्यांची काय चूक? एवढ्या खाटा ठेवणार कुठे?"

तेव्हापासून हा माणूस गावभरची जुनी दुकानं पालथी घालत होता. "दुकानदार बिचारा खाटा उचलून दाखवतो. रिकाम्या हाताने निघायला लाज वाटते. म्हणून काहीतरी घेतो."

"म्हणजे ती दातांची खुर्ची..."

"त्या दिवशी दुकानात दुसरं काही नव्हतं, अम्मा."

हसावं की रडावं मला कळेना. तेवढ्यात पुढच्या दुकानापाशी अण्णा थबकले. एका खाटेच्या पायाला वाकडी लोखंडी पट्टी ठोकलेली होती. "ही मीच ठोकली," ते पुटपुटले आणि घाईने उशाकडे गेले.

फळी लख्ख होती. आरशासारखी चकचकीत.

दुकानदार हौसेने पुढे आला. "काहीतरी चिकट होतं तिथे. सगळं खरवडून पॉलिश मारलं. एकदम नवी!" त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली मला. अण्णा नुसते "सरी, सरी" म्हणाले, आणि घासाघीस न करता पैसे दिले.

खाट त्यांच्या घरात जाईल असं मी धरून चालले होते. पण त्यांनी हमालांना सरळ आमच्या जिन्याकडे वळवलं.

"अहो, ही तुमची..."

"मला काय करायची? मी खुर्चीत झोपतो." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "टिकली काढून कुठे ठेवतेस?"

"डबीत."

"डबीत कशाला?" अण्णा एकदम ओरडले, आणि मग मान खाली घालून निघून गेले. मला रडू आवरेना.

आता त्या फळीचा कोपरा लाल झालाय. पाणी आलं का विचारायला अण्णा वर येतात. दारातून खाट दिसते. की सुरू, "लाकूड खराब होतं! किती वेळा सांगायचं? वाईट सवय!"

मीही स्वयंपाकघरातून ओरडते, "लावणार! रोज लावणार!"

"सरी," म्हणतात, आणि खूश होऊन जिना उतरतात.