धनराजभाऊंचा फेरफटका

गुंडांच्या खेळात सिग्नलवर थांबणारा माणूस मी एकच पाहिला आहे. मोहगावचे धनराजभाऊ. वय एकसष्ट, संत्र्याचा बगीचा, आणि मुलगी नोकरीला बाहेरगावी गेल्यावर घरात उरलेला तिचा कॉम्प्युटर. त्यावरच्या खेळात एक परदेशी शहर आहे. तिथे गाड्या चोरायच्या, गोळ्या झाडायच्या. धनराजभाऊ मात्र फुटपाथवरून चालतात. कुणाला धक्का लागला, तर पडद्यातल्या त्या माणसाला ‘माफ करा भाऊ’ म्हणतात. मागून कुणी गोळी घातली की मला फोन येतो. “सर, मी त्याले काहीच म्हटलं नाही. काहून मारून राह्यला तो मले?”

मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून त्यांच्या यंत्राचा वैद्य मीच. कॉम्प्युटरचं कॅबिनेट ते संत्र्याच्या कॅरेटमध्ये, खाली-वर तणस भरून, मोटरसायकलवर बांधून आणत. “नाजूक माल हाय, दाबू नका,” असं बजावत. मला दुरुस्तीआधी तणस झाडावं लागे.

गेल्या मे महिन्यात त्यांची तक्रार एकच होती. “चित्र झटके खाऊन राह्यलं. झटका नाही पाह्यजे सर. बाकी कसंही चालते.”

उपाय दोन होते. नवं ग्राफिक्स कार्ड बसवायचं, नाहीतर आहे तोच प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. कार्डासाठी नागपूरला जावं लागणार होतं. प्रोसेसरचं काम घरबसल्या दहा मिनिटांचं. मी हा दुसरा उपाय सुचवला.

“म्हणजे ताण द्याचा,” ते लगेच म्हणाले. त्यांचा बगीचा तेव्हा ताणावरच होता. पाणी तोडून झाडं तहानलेली ठेवायची, म्हणजे मृगात फुलतात. “पण झाडाची ताकद पाहून ताण द्या लागते. हे जुनं झाड हाय. पाह्यलं ना तुम्ही?”

“पाहिलं,” मी म्हणालो.

पाहिलं नव्हतं. खेळ चालू ठेवून पाच मिनिटं बसलो असतो, तर प्रोसेसर निवांत आहे आणि धाप कार्डाला लागली आहे, हे समजलं असतं. पण मला जेवून आडवं व्हायचं होतं. दहा मिनिटांत प्रोसेसरचा वेग वाढवून यंत्र परत दिलं.

आठवड्याने फोन आला. “सर, झटके तसेच हाय. आता तर तापूनही राह्यलं.” मी एका लग्नात पंगतीला बसलो होतो. “हवा लागू द्या त्याला,” एवढं बोलून फोन ठेवला.

आमच्याकडे मे महिन्यात हवा म्हणजे कूलर. धनराजभाऊंनी कॅबिनेटचं झाकण काढलं, कूलरच्या टाकीत पाणी भरलं, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या आणि कूलरचं तोंड यंत्राकडे वळवलं. स्वतः घामाने निथळत बाजूला बसले. चार दिवस यंत्राने ओली हवा खाल्ली. पाचव्या दिवशी ते बंद पडलं.

“माझीच चूक,” ते फोनवर म्हणाले. “ताणावरच्या झाडाले मीच पाणी दाखवलं.”

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती. सकाळी मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो.

काळ्या पडद्यासमोर दोन खुर्च्या होत्या. एक प्लास्टिकची, दुसरी चाकांची. चाकांच्या खुर्चीत सुमनवहिनी, त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली, हे मी ऐकून होतो. कधी विचारपूस मात्र केली नव्हती.

“बगीचा सोडून कुठे नेलं नाही मले जन्मभर,” वहिनी एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. “आता हे रोज फिरवून आणते. पण झटका आला का मले गरगरते, ओकारी येते. मंग मी डोळे मिटून घेतो, न् हे सांगते समोर काय हाय ते.”

“आधी ही म्हणे, मले नाही पाहाचं ते गुंडाचं,” धनराजभाऊ जमिनीकडे पाहत पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरहून नवा मदरबोर्ड आणि कार्ड आणलं. प्रोसेसर वाचला होता. त्याला त्याच्या मूळ चालीवर ठेवलं. स्क्रू आवळताना मान वर न करता म्हणालो, “भाऊ, तेव्हा मी पाहिलं नव्हतं.”

“ठाऊक होतं,” ते म्हणाले. “घाईत होते तुम्ही. मी म्हटलं, शिकलेला माणूस हाय, अंदाजानंही बराबर सांगते.”

मी शेवटचा स्क्रू आवळला.

खेळ सुरू झाला. या वेळी मी शेवटपर्यंत बसलो. फुटपाथ अलगद सरकत होता. एक वळण आलं आणि समोर समुद्र उघडला.

“झटका नाही आता. डोळे उघड.”

“उघडेच हाय,” वहिनी म्हणाल्या.

“मंग पाह्य ना.”

“पाहूनच राह्यली. तुम्ही सांगणं काहून बंद केलं?”

धनराजभाऊंनी माझ्याकडे चोरून पाहिलं. घसा खाकरला.

“समोर समुद्र हाय,” ते हळूच म्हणाले. “खूप मोठा हाय. एक बाई कुत्रं घेऊन उभी हाय. आपण इथेच बसू थोडं.”