तीन कोतवाल आणि बुवांची कैद

श्रीगजवदनास नमन, वीणेच्या खुंटीस नमन, आणि मागल्या रांगेत भिंतीस टेकोन डुलकी घेणाऱ्या श्रोतयासही नमन. सज्जनहो, चटई पुढे ओढा, जवळ बसा. रक्षणापायी एक राज्य कैसे बुडता बुडता वाचले, ती कथा सांगतो.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष वद्य अष्टमीचे दिवशी, एका संस्थानात, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, मुलूख तीन खोल्यांचा आणि गच्ची सामायिक, तेथे श्रीमंत वासुदेवपंत टिळेकर राज्य करीत होते. पंत कीर्तनाचे मोठे भोक्ते. त्यांचे गुरुस्थानी नरहरबुवा आष्टेकर, थोर कीर्तनकार, गतवर्षी वैकुंठवासी जाहले. आणि बुवांचे अखेरचे कीर्तन पंतांनी स्वहस्ते ध्वनिमुद्रित करोन आपले लॅपटॉपात ठेविले होते, दुसरी प्रत त्रिभुवनात नव्हती. दुसरे दिवशी सायंकाळी बुवांची पहिली पुण्यतिथी, आणि राममंदिरात तेच कीर्तन ऐकवू, ऐसा शब्द पंतांनी साऱ्या गावास दिला होता. ऐसे असता लॅपटॉप एकाएकी मंद जाहला. कळ दाबावी, आणि चहा ठेवावा, उकळावा, गाळावा, प्यावा, आणि कपबशी विसळोन यावे, तो पडद्यावर चक्र फिरतेच आहे. मग महत्प्रयासे कीर्तनाचे दप्तर उघडले तो आत पूर्वरंग आहे, आणि उत्तररंग, ज्यात सारे आख्यान, तो गहाळ. पंतांचे तोंडचे पाणी पळाले. "शत्रूचा हेर शिरला. व्हायरस म्हणतात तो हाच," ऐसे बोलिले, आणि मग संशय राणीसाहेबांवर गेला.

"काल तू त्यात ढोकळा बघत होतीस."

"ढोकळ्यानं आजवर कुणाचं कीर्तन खाल्लं नाही," यमुनाबाईसाहेब वदत्या जाहल्या. "तुम्ही काय काय दाबता ते आठवा."

मग चौकातील दुकानात यंत्रे दुरुस्त करणारी नसीम मुजावर, हीस पाचारण केले. ती आली, चपला दारात काढिल्या, आणि यंत्राची नाडी पाहती जाहली. आत कोण कोण काम करिते याची यादी पडद्यावर काढिली, आणि कपाळास आठी पडली.

"काका, हे तीन तीन अँटीव्हायरस कुणी घातले?"

"मीच," पंत अभिमानाने म्हणाले. "चिठ्ठी यायची, आपलं यंत्र असुरक्षित आहे, रक्षक हवा काय? बुवा सांगायचे, दारी आलेल्याला नाही म्हणू नये. म्हणून हो म्हटलं."

"तिघांनाही?"

"तिघेही विनयानं आले होते गं."

"पहिला तुमचा कागद न् कागद तपासतो. दुसरा पहिल्याला चोर समजून तपासतो, आणि तिसरा दोघांना. मग तुमचं काम कोण करणार, काका?"

"आणि खरा चोर?"

"एकही नाही."

हे ऐकोन पंतांस किंचित वाईट वाटले. इतुका बंदोबस्त केल्यावर शत्रूने निदान येऊन जावयाचे होते. मग नसीम कोतवालांस काढू लागली, तो तिसरा, आपली पाळी आली हे जाणोन की काय, एक चिठ्ठी पुढे करिता जाहला, की बंदिखान्यात एकेचाळीस संशयित आहेत, सर्वांस कायमचे नष्ट करावे काय? आणि पंतांचा हात सवयीने नसीमच्या खांद्यावरोन "हो"कडे निघाला. बाईसाहेबांनी मनगट धरिले.

"अहो, मारायचं तर आधी नावं तरी वाचा."

नसीमने यादी उघडिली. सदतिसावे स्थानी, नरहरबुवा, उत्तररंग. कोतवालास ओळख पटेना म्हणोन बुवांस अटक, आणि अटकेस मंजुरी पाहता पंतांचीच, पंधरा दिवसांमागील. "म्हणजे मीच," पंत इतुकेच बोलिले. बाईसाहेबांनी ढोकळ्याचे नाव काढिले नाही. हा त्यांचा मोठेपणा, अथवा पुढील प्रसंगासाठी राखोन ठेविला असेल. मग नसीमने बुवांस मुक्त केले, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, आणि दोघा कोतवालांस नारळ देऊन एकासच चाकरीत ठेविले, आणि लॅपटॉप चालता जाहला.

दुसरे दिवशी मंदिरात बुवांच्या जागी तसबीर मांडिली आणि कीर्तन सुरू जाहले. पूर्वरंग सरला. मध्यंतरी कीर्तनकारास बुक्का लावोन हार घालावा ही रीत, आणि ती सेवा कित्येक वर्षे पंतांकडे. तो उत्तररंगाचे आरंभी बुवांचा आवाज आला, "टिळेकर, हार आणलात ना? का राहिला घरी?" आणि मागल्या वर्षीचे हसू यंत्रातोन आले, आणि यंदाचे हसू त्यात मिसळले. पंत हार घेऊन उठले, "आणलाय, बुवा," म्हणाले, आणि तसबिरीस घातला. मग बोटावर बुक्का घेऊन, रीत सोडोन, बायकांच्या बाजूस गेले आणि यमुनाबाईसाहेबांचे कपाळी लाविला.

"अहो, लोक बघतायत," बाईसाहेब पुटपुटल्या.

"बघू देत."

येणेप्रमाणे हकीकत. तात्पर्य, शत्रू नसताही राज्य बुडू शकते, पहारा पुरेसा असला म्हणजे जाहले. आता श्रोतेहो, मागणे एकच. पडद्यावर चिठ्ठी येईल आणि बोट "हो"कडे निघेल, ते क्षणी यमुनाबाईसाहेबांचे स्मरण करावे.