झुंबरदादाच्या गोधडीतला चहा

एका जंगलात, पोरांनो, वाघाला शुगर निघाली. मग काय, वाघाने सगळ्या जंगलाची साखर बंद केली. मला नाही तर कुणालाच नाही! राजांचं असंच असतं.

त्या जंगलात झुंबर आणि भिवा या अस्वलभावांची चहाची टपरी होती. झुंबर थोरला, भिवा धाकटा. साखर गेली तसं गिऱ्हाईकही गेलं. तेवढ्यात पार चीनहून एक हंस आला आणि पु-एर नावाचा चहा देऊन गेला. या चहाची पूड नसते. गोवरीसारखी थापलेली वडी असते. लोणच्यासारखी मुरेल तितकी चांगली. साखर लागत नाही, दूध लागत नाही. फक्त वडी फार भोळी असते. शेजारी जे ठेवाल त्याचा वास अंगात मुरवून घेते.

भावांच्या गुहेत सगळीकडे गळायचं. कोरडी जागा एकच, झुंबरची गोधडी. म्हणून झुंबर वड्या कुशीत घेऊन झोपायचा. पाणी समोरच्या डबक्यातलं. तिथे म्हैसमावशी बसलेली असायची. ती जरा सरकायची, झुंबर किटली बुडवायचा.

चहा असा व्हायचा की हरणं रांग लावायची.

मग झुंबर मेला. गोष्टीतले शूर मरतात तसा नाही. ताप आला आणि मेला. सकाळी "भिव्या, किटली घास" म्हणून ओरडला, संध्याकाळी नव्हता. गोष्टीत असं करू नये. पण झालं.

गोधडीत एकच वडी उरली होती. भिवाने तुकडा मोडून चहा केला. घोट घेतला आणि भोकाड पसरलं. चहात दादा होता! ओलं लाकूड, मोहाची फुलं आणि दादाची काख, सगळं जसंच्या तसं.

"मावशी, ही वडी संपली की दादा संपला."

"मग जपून पी की रे मुडद्या," म्हैसमावशी म्हणाली.

जपायची कशी, ते विचारायला भिवा धावत उदमांजररावांकडे गेला. ते चवीतले तज्ज्ञ. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कॉफीचा धंदा. कॉफी ते कुठून काढत, ते मोठे झाल्यावर विचारा.

उदमांजररावांनी वडी हुंगली आणि शेपटीने नाक झाकलं.

"ठेवता कुठे?"

"दादाच्या गोधडीत."

"आणि पाणी?"

"मावशी बसते त्या डबक्यातलं."

उदमांजरराव मटकन खाली बसले. "अहो, वरचा थर खरवडून टाका! वडी वाऱ्यावर टांगा, मग कोऱ्या हंडीत ठेवा. पाणी झऱ्याचं घ्या. आणि ती गोधडी धुवा आधी, अर्ध्या जंगलाला वास येतो."

"मग चव टिकेल?"

"टिकेल? खुलेल!"

भिवाला विचार करायची सवय नव्हती. त्याने वडी खरवडली, चार दिवस टांगली, हंडीत ठेवली. गोधडी डबक्यात बुचकळली आणि रिठे लावून धोपटली.

"अरे, माझ्या तोंडात फेस जातोय!" मावशी ओरडली.

"गप गं! दादाला टिकवतोय!"

मग झऱ्याच्या पाण्याचा चहा झाला. उदमांजररावांनी डोळे मिटून घोट घेतला. "वा! कसलाच वास नाही!"

भिवाने घोट घेतला. खरंच कसलाच वास नव्हता. दादाचासुद्धा. तो गोधडीकडे धावला. तिला उन्हाचा वास. हंडीत नाक खुपसलं. मातीचा वास.

भिवाने उदमांजररावांना शेपटीला धरून उचललं. "माझा दादा कुठे गेला?"

"अशुद्धी गेली, एवढंच," ते उलटे लटकत म्हणाले.

भिवाने त्यांना डबक्यात फेकलं.

उदमांजरराव गटांगळ्या खात वर आले आणि पचकन थुंकले. "शी! या पाण्याला अस्वलाच्या काखेचा वास येतोय!"

भिवा थबकला. मग किटली घेऊन धावला. मावशी सरकली. चहा उकळला. वर बोटभर फेस. भिवाने घोट घेतला. रिठ्याने जीभ कडू झाली. नाकातून मोठा बुडबुडा आला. आणि बुडबुड्यामागून दादा आला.

हरणांनी पुन्हा रांग लावली. वाघाने दोन कप घेतले आणि दिवसभर फेस काढत डरकाळ्या फोडल्या. उदमांजरराव सगळ्यांना सांगत सुटले, की रिठ्याचा पु-एर हा त्यांचाच शोध.

गर्दी पांगल्यावर भिवाने हळूच विचारलं, "मावशी, पाऊस आला की डबकं वाहून जाईल ना गं?"

"जाईल तेव्हा जाईल," मावशी म्हणाली. डबकं जिथून वाहायचं, तिथे ती पाठ लावून बसली. "तोवर मी हलत नाही. तू आधी किटली घास."

तात्पर्य : स्वच्छता चांगलीच. पण घरातलं कुणी गेलं, तर आधी तज्ज्ञाला धुवावं. गोधडीचं मागाहून बघू.