बिनखुर्ची पक्षाचा विजय असो!

उभं राहण्यात माझा हात कोणी धरणार नाही. हात म्हणण्यापेक्षा पाय म्हणा! बावीस वर्षं माझं केस कापायचं दुकान आहे. बावीस वर्षं समोरचा बसलेला आणि मी उभा. लग्नाच्या फोटोतसुद्धा बायको खुर्चीत आणि मी मागे. फोटोग्राफर म्हणाला, "आता तुम्ही बसा," तर मी म्हटलं, "छे! आपल्याला सवय आहे."

आणि अशा माणसाला नगराध्यक्षपद सोडावं लागलं ते कशामुळे? बसला म्हणून! थांबा, पहिल्यापासून सांगतो.

आमच्या नगरपालिकेत अठरा वर्षं एकच अध्यक्ष. लोक त्यांना 'कायमचे साहेब' म्हणायचे. एका सकाळी ते दाढीला आले. दाढी झाली, तुरटी फिरवून झाली, तरी उठेनात. माझ्याच खुर्चीत बसून फोनवर नळपाणी योजनेची चर्चा चालू! मागे पाच गिऱ्हाईकं ताटकळत. शेवटी मी म्हटलं, "साहेब, खुर्ची सोडता का?"

"अरे, तिथली अठरा वर्षांत सोडली नाही, तुझी काय सोडतोय!" म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

माझं टाळकंच फिरलं. वस्तरा हातात धरून (पुसत होतो हो, गैरसमज नको!) मी जाहीर केलं, "मी पक्ष काढतो! बिनखुर्ची पक्ष! आमचा एकही माणूस निवडून आल्यावर खुर्चीवर बसणार नाही. खुर्चीच काय, स्टुलावर, कट्ट्यावर, पायरीवर, कुठ्ठेही नाही! चारचौघांत बसलेला दिसलो तर त्याच मिनिटाला राजीनामा देईन. वर सगळ्या गावाची वर्षभर फुकट हजामत करीन!"

गिऱ्हाईकांनी टाळ्या वाजवल्या. तिथंच थांबलं असतं तर गंमत गमतीत राहिली असती. पण शेजारच्या दुकानात माझा मेहुणा कपड्यांना इस्त्री करतो. त्याच्या हाती कुठलाही मूर्खपणा लागला की तो त्याला कडक घडी घालून देतो. संध्याकाळपर्यंत त्यानं पत्रकं छापून आणली. फुकट हजामतीचं वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरांत!

"अरे, हे कशाला छापलंस?"

"भावोजी, आपण कुठं निवडून येणार आहोत?"

आम्ही नऊ उमेदवार गोळा केले. सगळे उभ्यानं पोट भरणारे. मी, मेहुणा, बस कंडक्टर, शाळामास्तर, बँकेचा वॉचमन आणि असेच आणखी चार. मतदारांनी काय करावं? प्रत्येकानं मनाशी म्हटलं, बाकीचे शहाणे आहेत, आपण एकट्यानं जरा गंमत करू. गावात एकही शहाणा निघाला नाही. सतरापैकी नऊ जागा आमच्या!

मी अध्यक्ष, मेहुणा उपाध्यक्ष. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला घरातला बल्ब बदलता येत नाही!" मी म्हटलं, "अगं, तो बसवायचा असतो. आपल्या धोरणात बसत नाही."

पहिल्याच दिवशी नगरपालिकेतल्या सगळ्या खुर्च्या गोदामात टाकल्या. आणि काय सांगू, कारभार सुधारला की हो! पूर्वी सभा पाच-पाच तास चालायची. आता अकरा मिनिटांत खलास! नऊ वर्षं रखडलेला पाइपलाइनचा ठराव चार मिनिटांत मंजूर झाला, कारण विरोधकांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. दाखला द्यायला पंधरा दिवस लावणारा कारकून तो पाच मिनिटांत हातात ठेवू लागला. कधी एकदा घरी जाऊन टेकतो असं त्याला व्हायचं. अग्निशमन दलाची माणसं तर पाय आखडू नयेत म्हणून गाडीभोवतीच फेऱ्या मारायची. वर्दी आली रे आली की निघालीच!

माझे हाल मात्र कुत्रा खाईना. कायमचे साहेब आता रिकामेच होते. त्यांनी घडीची खुर्ची घेतली, माझ्या घरासमोर मांडली आणि मोबाइल रोखून बसले. दिवसभर! मी जेवायचो उभ्यानं, ताट फ्रिजवर ठेवून. झोपायला पलंगाच्या कडेवर टेकायची सोय नाही, खिडकीतून दिसतं. मग मी तोडलेल्या झाडासारखा थेट आडवा पडायचो. आठवड्यात पलंगाचा पाय मोडला. सासूबाई आल्या. "जावईबापू, बसा ना दोन मिनिटं," म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही, आई." त्या रुसून पुढच्या गाडीनं परत गेल्या. (एका खासगी जागेला जाहीरनाम्यातून सूट होती. तेवढाच आधार. मी तिथं इतका वेळ घालवू लागलो की बायको पेपर दाराखालून सरकवायची.)

चार महिन्यांत गुडघे सुजून नारळाएवढे झाले. अन् त्यातच बातमी आली. सर्वांत चपळ नगरपालिका म्हणून आम्हाला बक्षीस जाहीर झालं होतं, आणि ते द्यायला वरच्या कचेरीतल्या मोठ्या बाई सोमवारी येणार होत्या.

रविवारी दुपारी बायकोनं माझे पाय पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, उद्या स्टेजवर कोसळाल! माझं ऐका. दुकान आज बंदच आहे. आत जाऊन तुमच्या खुर्चीत तासभर बसा. मी बाहेरून शटर ओढते, कुलूप लावते. कोण बघतंय?"

"आणि दिसलो तर? गावात अकरा हजार डोकी आहेत! वर्षभर फुकट म्हणजे दुकान बुडालं!"

"बंद शटरमागचं कुणाला दिसतं?"

पटलं. ती कुलूप लावून भाजी आणायला गेली. मी पंखा लावला, टॉवेल गळ्याशी घेतला आणि बसलो. आहाहा! बावीस वर्षं गिऱ्हाईकं माझ्या खुर्चीतून उठायला का कुरकुरतात ते त्या दिवशी कळलं. डोळे कधी मिटले ते कळलंच नाही.

आता बाहेर काय झालं ते मला नंतर मेहुण्यानं सांगितलं. मोठ्या बाई एक दिवस आधीच आल्या! म्हणाल्या, "अध्यक्ष नेहमी कसे असतात ते बघायचंय." मेहुणा त्यांना घेऊन घरी गेला, घराला कुलूप. दुकानाला कुलूप. मागून कायमचे साहेब खुर्ची काखेत मारून हजर. तेवढ्यात शटरमागून आवाज आला, "घर्रर्र..."

मी घोरत होतो हो! पण मेहुण्यानं मला आयुष्यात बसून घोरताना ऐकलं नव्हतं. त्यानं हंबरडा फोडला, "भावोजींना घरघर लागली! कुणीतरी कोंडून घातलंय!" आणि अग्निशमन दलाला फोन केला.

पूर्वी ते तासाभरानं आले असते. मी झोप काढून, तोंड धुऊन, मागच्या खिडकीतून सटकलो असतो. पण आमचा कारभार सुधारलेला ना! तीन मिनिटांत आले! चौथ्या मिनिटाला शटर कापलं!

उजेड तोंडावर आला तसा मी दचकून म्हणालो, "दाढी की कटिंग?"

नशीब, कापायच्या यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. अर्धवट डोळ्यांनी पाहिलं तर समोर अख्खं गाव. मी चटकन डोळे मिटले. पहिला फोटो निघालासुद्धा. "बसला! बसला!" कायमचे साहेब लहान पोरासारखे नाचत होते.

"बसले नाहीत!" मेहुणा ओरडला. पक्षासाठी तो काहीही बोलू शकतो. "गेले! उभ्याउभ्या गेले आणि मग खुर्चीत पडले! गेलेला माणूस बसला असं म्हणतात का?"

गर्दीतल्यांनी टोप्या काढल्या. आणि खोटं कशाला बोलू, मला मुद्दा पटला. मेलो तर पद राहत नाही हे खरं, पण हजामती तरी वाचतील! मी मान आणखी थोडी कलती केली.

मोठ्या बाई हळहळल्या. "दोन मिनिटं शांत उभे राहू या," म्हणाल्या. सगळं गाव माझ्यासाठी उभं राहिलं आणि मी एकटा बसलेला! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग कायमचे साहेब गहिवरून बोलले. माझ्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही, म्हणाले. आणि त्याच दमात म्हणाले, "तर आता रिकाम्या पदाचं बघायला हवं. मी तयार आहे."

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन बायको आली. कापलेलं शटर, गर्दी, कलंडलेला मी. तिच्या हातातून पिशवी पडली. "अहो!" म्हणून तिनं जो टाहो फोडला, तो ऐकून माझं काळीज हललं. फुकट हजामती गेल्या खड्ड्यात! मी ताडकन डोळे उघडले. "अगं, जिवंत आहे मी! रडू नकोस!"

तिनं एकदा बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "मग बसून काय राहिलात? उठा!"

राजीनामा मी तिथल्या तिथं दिला. आमचे बाकीचे आठ सदस्य त्याच क्षणी फुटपाथवर फतकल मारून बसले. कंडक्टर तर सुखानं रडला. गोदामातल्या खुर्च्या परत आल्या, कायमचे साहेब परत आले, सभा पुन्हा पाच तासांच्या झाल्या.

मी घरी गेलो. बायकोनं खुर्ची ओढली, वर उशी ठेवली. मी टेकणार, एवढ्यात दारावर थाप पडली. उघडलं तर कोपऱ्यापर्यंत रांग! प्रत्येकाच्या हातात आमचं पत्रक. पहिला नंबर कायमच्या साहेबांचा. डोक्यावर मोजून चौदा केस.

"कटिंग?" मी विचारलं.

"दाढी," ते म्हणाले. "रोज."

आता ते रोज सकाळी येतात आणि दाढी झाल्यावरही तासभर माझ्या खुर्चीतूनच गावाचा कारभार हाकतात. काल आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "पाय दुखतायत का रे? मग बस की जरा! आता कोण बघतंय!"

अजून साडेदहा महिने आहेत. बसून हजामत करायची काही युक्ती तुमच्याकडे असेल तर कृपा करून दुकानात येऊन सांगा. फक्त रांग जरा मोठी आहे. उभं राहावं लागेल.