पोपटछाप ज्वारी

बायकोला परदेशात न्यावं, खुशाल न्यावं. पण तिला सुपरमार्केटात नेऊ नये. हे शहाणपण मला चौऱ्याऐंशी साली मस्कतमध्ये एका शुक्रवारी दुपारी सुचलं. सकाळी सुचलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आमच्या डोक्यात उजेड नेहमी जेवणवेळेनंतरच पडतो.

मी मुंजाजी. गाव जिंतूरजवळ, नोकरी मस्कतला, एका कंपनीच्या गोदामात कारकून. दोन वर्षं स्वतःच्या हातचा करपलेला भात खाल्ल्यावर मी बायकोला, सरजाला, तीन महिन्यांच्या परवान्यावर बोलावून घेतलं. ते तीन महिने आता संपत आले होते. पुढं तिला ठेवून घ्यायचं, तर आमचे मालक सालेमशेठ यांची कागदावर सही पाहिजे होती. शेठ "कल देखेंगे" म्हणायचे. (हा कल आमच्या तहसीलीतल्या उद्यासारखाच असतो.) पण त्यांचं राहू द्या, इकडं सरजाच राहायला तयार नव्हती.

"आवो, तीन महिनं झालं, पोटात भाकर न्हाई," ती म्हणाली. "त्या पावाला काय चव हाय का? ज्वारी आणा, न्हाई तर मला इमानात बसवून द्या."

"अगं, या वाळवंटात ज्वारी कुठली?"

"एवढाल्या मोटारी हायत, अन् पायलीभर ज्वारी न्हाई?"

म्हटलं चल, तूच शोध. आणि तिला सुपरमार्केटात घेऊन गेलो.

दारातच तिनं चपला काढल्या. एवढ्या चकचकीत फरशीवर पायताण घालून जायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. आत गेल्यावर तिनं टमाट्याचा भाव विचारला. मी पाटीकडं बोट दाखवलं. "पाटीला काय विचारू? माणूस कुठाय?" माणूस नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. भाव करायचा नाही, मापात घातल्यावर वरून मूठभर मागायचं नाही, हा कसला मुडदा बाजार, असं ती अर्ध्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली.

मी तिथल्या पोऱ्याला इंग्रजीत ज्वारी समजावून सांगू लागलो. "व्हाइट. राउंड. स्मॉल." त्यानं साबुदाणा दाखवला. मग वाटाणे दाखवले. शेवटी डोकेदुखीच्या गोळ्या दाखवल्या. (त्या मात्र मी घेतल्या.)

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून किंकाळी आली. "आवो! घावली!"

धावत गेलो. सरजा एक पाकीट पोटाशी धरून उभी होती. पाकिटावर हा एवढा हिरवा पोपट. मी म्हटलं, "अगं, हे पाखरांचं खाणं आहे!"

"मंग? काडेपेटीवर बी वाघ असतो. आत असतो का वाघ?"

असं म्हणून तिनं पाकिटाचा कोपरा दातानं फोडला, दाणे तळहातावर घेतले, फुंकले आणि एक चावून बघितला. "मालदांडी न्हाई," ती डोळे मिटून म्हणाली, "पण ज्वारी हाय. त्यात सूर्यफूल कालवलंय, त्याची चटणी करीन." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं कशाला सांगू, माझ्याही आलं. आम्ही फडताळावरची सगळी चौदा पाकिटं दुकानातल्या ढकलगाडीत घातली. मी गल्ल्यापाशी रांगेत उभा राहिलो आणि सरजा चपला शोधायला दाराकडं गेली.

गल्ल्यावरच्या पोरीनं चौदा पोपट मोजले. "किती पाखरं आहेत तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

इथं खरं बोलायला काय झालं होतं? पण परभणी जिल्ह्याची माणसं पाखरांचं खाणं खातात हे परमुलखात कसं सांगायचं? सगळ्या मराठवाड्याची अब्रू माझ्या एकट्याच्या हातात! मी म्हटलं, "पुष्कळ आहेत."

"कितने?" मागून आवाज आला. वळून बघतो तर सालेमशेठ!

"चालीस," मी म्हणालो. का म्हणालो ते माझं मला ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं.

शेठचे डोळे लकाकले. त्यांना स्वतःला पाखरांचा भारी नाद, घरी पंचवीस-तीस पिंजरे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "मुंजाजी, दोन वर्षांत कधी बोलला नाहीस! आज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर तुझी पाखरं बघायला येतो. तुझ्या बायकोचा कागद पण आणतो. तिथंच सही करीन."

घरी येऊन सरजाला सगळं सांगितलं. ती जिंतूरहून आणलेलं सूप घेऊन गच्चीवर पाखडत बसली होती.

"आता काय करायचं?"

"खरं सांगायचं."

"मालकाला कसं सांगू? सही जाईल, तू जाशील!"

"मंग चाळीस पाखरं पैदा करा. मला पीठ करायचंय." आणि मिक्सर लावायला ती खाली गेली.

मी डोकं धरून बसलो, आणि बघता बघता सांडलेल्या दाण्यांवर पारवे उतरले. एक, दोन, दहा, वीस! माझ्या मनात आलं, देवच पावला. मी आणखी दोन पाकिटं गच्चीवर ओतली.

शेठ आले. मी ऐटीत त्यांना गच्चीवर नेलं. "देखो शेठ, सब खुल्ले छोडे है!" शेठनी पुढं पाऊल टाकलं आणि फडफड फडफड करत सगळी गच्ची रिकामी झाली. राहिलो मी आणि थोडी पिसं.

"मुंजाजी," शेठ शांतपणे म्हणाले, "ही मस्कतची कबुतरं मला माझ्या लहानपणापासून ओळखतात."

तेवढ्यात जिन्यातून सरजाची हाक आली. "आवो, भाकरी झाल्यात. पाखराचं पीठ लय ग्वाड निघालं, बघा!" आणि भाकरी, पिठलं, ठेचा घेऊन वर येऊन शेठकडं बघत तिनं आमच्या निजामी मुलखातली हिंदी सोडली. "भाईजान, इनकी बात मत सुनो. परिंदे-बिरिंदे कुछ नइ. हमारे मुलुख में ये आदमी लोगां खाते. बैठो, तुम भी खाओ."

संपलं, म्हटलं. सही गेली, बायको गेली, बहुतेक नोकरीपण गेली.

शेठ मांडी घालून बसले. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, ठेचा खाऊन नाक पुसलं. दुसरी घेतली. "आमच्या डोंगराकडच्या गावात ही व्हायची," ते म्हणाले. "किती वर्षांनी खातोय!" चौथ्या भाकरीनंतर त्यांनी खिशातून कागद काढला. माझा जीव कानात गोळा झाला.

"ही बाई कुठं जायची नाही," शेठ म्हणाले. "माझ्या घरी स्वयंपाकाला राहील. परवाना मी देतो."

सरजानं पदरात तोंड लपवून हसू आवरलं. मला तर नाचावंसं वाटलं. मी विचारलं, "आणि शेठ, मी? गोदामात उद्या नेहमीच्या वेळेलाच येऊ ना?"

"तू? जिथं एक नाही तिथं चाळीस मोजणारा माणूस मला गोदामात नको. माझे पिंजरे धू."

नवा कागद आठ दिवसांनी हातात आला. ठळक अक्षरांत सरजाचं नाव, खाली हुद्दा, खाली शेठची झोकदार सही. माझं नाव पहिल्यांदा दिसलंच नाही. कागद उलटा करून बघितला, तर मागच्या बाजूला, बाईसोबत येणाऱ्या सामानाच्या यादीत, काठवट आणि तव्याच्या खाली लिहिलं होतं: नवरा, नग एक.