सुंदरमावशींचा अर्धा कागद

बोईसरच्या बाजारात सुंदरमावशींकडून सुकट घेतली की तिच्याबरोबर जगाविषयीची एक थक्क करणारी माहिती फुकट मिळते. अर्धी.

"पोरा, माकलीला तीन काळजं असतात," मावशी पुडी बांधताबांधता सांगतात. माकली म्हणजे समुद्रातला तो मऊ, दहा हातांचा स्क्विड. मी पन्नाशी ओलांडली आहे, पण मावशींच्या हिशेबी दाढी पांढरी झाल्याने माणूस मोठा होत नाही.

"तीन? ती कशाला?"

"कागद तितंच फाटला."

मावशी चिंचणीहून सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन येतात. पुड्या रद्दीच्या कागदात बांधतात आणि आधी वाचून झाल्याशिवाय कागदाला बोंबलाचा वास लागू देत नाहीत. शिक्षण चौथी, वाचन बोट ठेवून. तोवर गिऱ्हाईक ताटकळतं. पण रद्दी ती रद्दी, मजकूर ऐन रंगात आला की कागद संपतो.

यातून अपघातही होतात. चिकूच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम करायचे, हे मावशींकडून ऐकून एका बागायतदाराने घरी जाऊन चीक थेट तोंडात टाकला. तो आधी उकळून घट्ट करायचा असतो, हे फाटलेल्या भागात होतं. दोन दिवस गृहस्थ कुणाशी बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने मात्र मावशींना चिकूची पाटी पाठवली.

"मावशी, मोबाईलवर बघू का पुढचं?" मी एकदा विचारलं.

"ठेव तो खिशात. त्याला इचारलं की बोलनंच संपतं."

आता आमच्या सावेसरांविषयी सांगायला हवं. ते माझे शेजारी, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. बायको गेल्यावर सरांनी घराबाहेर पडणं सोडलं. पडदे बंद, जेवणाचा डबा दारात. पुण्याहून त्यांचा मुलगा मला फोन करायचा, "काका, बाबांना जरा बाहेर काढा हो." मी सगळं करून पाहिलं. केळव्याचा समुद्र सुचवला, देऊळ सुचवलं, हास्यक्लब सुचवला. हास्यक्लबाचं नाव ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर आठवडाभर मीसुद्धा हसलो नाही.

एकदा मी त्यांना सुकटीची पुडी नेऊन दिली. सरांनी ती सोडली आणि सवयीने कागद वाचला. जगातलं सर्वांत छोटं युद्ध पाऊण तासही चाललं नाही आणि त्यात जिंकले ते... पुढे कागदच नव्हता.

"उरलेलं कुठंय?"

"सर, ती सुंदरमावशी अर्धंच देते."

"अर्धा इतिहास वाटते? भर बाजारात?" सर उठले, सदरा बदलला, चपला शोधल्या. कित्येक महिन्यांनी त्यांनी घराला कुलूप लावलं, तेही रागाने. मावशींसमोर उभं राहून त्यांनी झांझिबारचं युद्ध, इंग्रजांच्या तोफा, सुलतानाचा वाडा, सगळं खणखणीत आवाजात शिकवलं. शेजारची भाजीवालीही वजन करायची थांबली.

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "माकलीला तीन काळजं कशापायी?"

सर गडबडले. "उद्या सांगतो."

तेव्हापासून सर रोज अकराला हजर. माकलीचं एक काळीज अंगभर रक्त खेळवतं, दोन कल्ल्यांकडे पाठवतात, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि नवा अर्धा कागद घेऊन गेले.

एके दिवशी मी दहालाच बाजारात गेलो. मावशी एक आख्खं पान शेवटपर्यंत वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी ते मधोमध दुमडलं, नखाने घडी घातली आणि खालचा भाग व्यवस्थित फाडून टोपलीखाली सारला.

"मावशी! तुम्हीच फाडता?"

"हलू बोल रे मेल्या! आख्खा दिला तर मास्तर घरीच वाचत बसंल." मग सुकट चाळत म्हणाल्या, "माझा मानूस दर्यावरून आला नाय, तेवा मी वरसभर उंबरा ओलांडला नाय. सगले येऊन रडायचे. कोनी कायतरी इचारलं असतं, तर उठले असते."

मी तो तुकडा टोपलीखाली आणखी आत सारला आणि हे गुपित सरांपासून राखलं. मला ओळखणाऱ्यांना ही माहिती माकलीच्या काळजांपेक्षा आश्चर्यकारक वाटेल.

पण सरही मास्तर. महिनाभराने म्हणाले, "मावशी, तुमचे प्रश्न आता फारच सोपे झाले." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. त्यांच्या खिडकीचा पडदा पुन्हा ओढलेला दिसला. मी मावशींना तसं सांगितलं, तर त्यांनी हातातला बोंबील माझ्या नाकासमोर धरला.

"मास्तरला इचार, ह्याला इंग्रजीत बदक कशापायी म्हनतात?"

बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' का म्हणतात, हा प्रश्न मी पोचवला. दुसऱ्या दिवशी अकराला सर काखेत दोन पुस्तकं घेऊन आले आणि उभ्याउभ्याच पानं उलटू लागले. मीही चोरून मोबाईल पाहिला. नाना कथा होत्या, खात्रीची एकही नाही.

मी मावशींच्या कानाशी लागलो. "अहो, याचं नक्की उत्तर कुणालाच ठाऊक नाही!"

"ठाव हाय मला," मावशी पुटपुटल्या. "तो कागद आख्खाच होता."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मावशी, दोन मतं सापडली. दोन्ही पटत नाहीत. वेळ लागेल याला."

"लागू दे की," असं म्हणत मावशींनी आपल्या बाजूचा रिकामा खोका पालथा केला, पदराने पुसला आणि त्यांच्याकडे सरकवला.